थांबली की बंद पडते

प्रिय मास्तरीणबाई,

या हाकेला तू अजून ओ देशील की नाही, माहीत नाही. गाडी शिकताना मी तुला अशीच हाक मारायचे आणि तू लटकं रागवायचीस. आज पत्र लिहायला बसले, तर मायना काय लिहावा इथंच घोडं अडलं. एकदोन कागद केराच्या टोपलीत गेले. शेवटी म्हटलं, जी हाक तोंडात बसलीये तीच लिहावी. पत्र वाचताना तुला वाटेल, ही बाई हे सगळं मला का सांगतेय? खरं सांगू, सुरुवात कुठून करावी हे माझंच मला कळत नाहीये. दोऱ्याचा गुंता झाला की टोक कुठलं ते ओढून बघितल्याशिवाय समजत नाही. तेव्हा हाताला लागलं ते टोक ओढते.

गाडी बिघडलीये. म्हणजे तशी पळते. मोकळा रस्ता मिळाला की तू होतीस तेव्हा पळायची तश्शीच पळते. पण थांबली की बंद पडते. सिग्नलला उभी केली की आधी आरसा थरथरायला लागतो, मग स्टिअरिंग, मग माझ्या गुडघ्यापर्यंत थरथर येते. समोरचा इंजिनाच्या वेगाचा काटा खाली जातो, जरासा वर येतो, पुन्हा खाली जातो, आणि उचकी लागल्यासारखं करून सगळं गप्प. किल्ली फिरवली की लगेच चालू, जणू काही झालंच नाही. पुढच्या चौकात पुन्हा तेच. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, माझाच पाय क्लचवरून सुटला. दुसऱ्यांदाही तेच वाटलं. बाईमाणसाला गाडीचं काही बिनसलं की आधी स्वतःचंच चुकलं असं का वाटतं, कोण जाणे.

मोठ्या दवाखान्यासमोरचा चौक तुला आठवतो ना, जिथं तू मला म्हणायचीस, ‘घाबरू नका, सगळे तुमच्यासाठी थांबलेत असं समजा’? तिथं भर दुपारी गाडी बंद पडली, आणि सगळे खरंच माझ्यासाठी थांबले! मागून भोंग्यांचा नुसता कल्लोळ. किल्ली फिरवली तर इंजिनानं नुसता घसा खाकरला. शेवटी वाहतुकीची पोलीस पोरगी धावत आली. ‘मावशी, क्लच दाबा, मी ढकलते,’ म्हणाली आणि खरोखरच एकटीनं ढकलत गाडी कडेला आणली. घाम पुसत म्हणाली, ‘म्हातारी झाली हो.’ मी म्हटलं, ‘कोण?’ बिचारी लाजून लाल झाली. मी हसले खरी, पण किल्लीला पुन्हा हात लावायला बराच वेळ घेतला.

तू म्हणशील, वापरू नका मग. हेसुद्धा तेच म्हणाले. तुझ्या सासऱ्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. सासरे लिहिलं, आता ते तुझे सासरे नाहीत. राहू दे, खोडत नाही. यांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली, तेव्हा गाडी दारात नुसती धूळ खात उभी होती. तू नवी नवी सून. सगळे ती विकायच्या गोष्टी करत होते आणि तू माझ्याकडे बघून म्हणालीस, ‘मग तुम्ही शिका की.’ मी हसण्यावारी नेलं. केस पांढरे झाले, आता कसलं शिकणं! दुसऱ्या दिवशी तू किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि स्वतः शेजारी बसलीस. शाळेचे गणवेश शिवून त्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन हिंडणारी मी, चार महिन्यांत मागच्या सीटवर गठ्ठे टाकून स्वतः पोचवायला लागले. लोक म्हणायचे, सुनेनं सासूला वळण लावलं. मला त्यात काडीचाही राग नव्हता.

मग तू आणि माझा लेक वेगळे झालात. भांडी आपटल्याचा आवाज नाही, आदळआपट नाही, रडारड नाही. दोघं माझ्यासमोर येऊन बसलात आणि एखाद्याची बदली झाल्याचं सांगावं तसं सांगितलंत. मला तेव्हाही काही समजलं नाही आणि आताही समजत नाही. ज्या घरात भांडण होतं तिथं निदान कुणाची तरी बाजू घेता येते. मला तेवढंही काम तुम्ही ठेवलं नाहीत. असो. विषय गाडीचा चाललाय.

तर गाडी घेऊन कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, ‘प्लग गेलेत.’ प्लग बदलले. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या दिवशी भाजीबाजाराच्या तोंडाशी ढिम्म. परत गेले. मग त्यांनी हवा आत घेणारी ती झडप असते ना, ती काढून साफ केली. काळाकुट्ट मळ निघाला. मला वाटलं, हाच तो चोर. आठवडाभर बरी चालली, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तेव्हा कुणीतरी मोठ्या वर्कशॉपचं नाव सांगितलं. तिथं काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या सुपरवायझरनं गाडीला वायर जोडली, पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, ‘मॅडम, मशीनमध्ये काहीच फॉल्ट दाखवत नाही.’ मी म्हटलं, ‘पण बंद पडते.’ तो म्हणाला, ‘दाखवत नाही.’ मी म्हटलं, ‘बघा, आत्ता थरथरतेय.’ त्यानं थरथरणाऱ्या बॉनेटवर हात ठेवला, पुन्हा पडदा बघितला आणि पेट्रोलचा पंप बदलून बघू म्हणाला. बघू म्हणजे काय? शिवणयंत्र टाका सोडायला लागलं की आम्ही आधी सुई बघतो, मग दोरा, मग ताण. एका वेळी एकच. सगळं एकदम बदललं तर दुखणं कुठं होतं ते कधीच कळत नाही. पंप बदलू नका म्हटलं आणि गाडी घेऊन आले. येताना दोनदा बंद पडली ती गोष्ट वेगळी.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, ‘आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. विकून टाक.’ मी म्हटलं, विकायची नाही, मला लांब जायचंय. म्हणाले, कुठं? मी म्हटलं, धाकट्या बहिणीकडे. म्हणाले, मग बसनं जा. मी म्हटलं, बसमध्ये माझी कंबर धरते. म्हणाले, आजवर नाही धरली ती? मी उठून आत गेले. संसार इतका जुना झाला की खोटंसुद्धा धड बोलता येत नाही. समोरच्याला शब्दांच्या आधीच ते ऐकू जातं.

मग मीच लक्ष ठेवायला लागले. कधी बंद पडते, कधी नाही, हे मनाशी नोंदवत गेले. पळताना कधीच नाही. उभी असताना पायानं जरासं पेट्रोल देत राहिलं तर जगते. एसी लावला की लगेच मान टाकते. सकाळी थंड असताना बरी, तापली की वाईट. आणि एक गोष्ट फार बारीक: ती थरथरत असताना खिडकी खाली केली की पुढून कुठूनतरी सुस्कारा ऐकू यायचा. कुणीतरी दातांच्या फटीतून हवा ओढावी तसा. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, पंख्याचा आवाज असेल. यांना ऐकायला उभं केलं तर म्हणाले, मला दिसत नाही म्हणून ऐकू जास्त येतं असं थोडंच आहे? मला वाटायला लागलं, मलाच भास होतायत. तू शेजारी असतीस तर कान टेकवून हो किंवा नाही सांगितलं असतंस. कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं मला, की आवाज आहे. बाकी मी बघितलं असतं.

रविवारी लेक आला. रविवारी तो येतो, जेवतो, पेपर वाचत पडतो, संध्याकाळी जातो. दवाखाना बरा चालतो म्हणतो. बारीक झालाय. तू गेल्यापासून या गाडीला त्यानं हात लावलेला नाही. स्वतःची लांब उभी करतो आणि हिच्याकडे न बघता फाटकातून आत येतो. त्या दिवशी यांनी मुद्दामच विषय काढला असावा. जेवताना म्हणाले, ‘तुझी आई लांबच्या प्रवासाला निघालीये, दर चौकात मुक्काम करत.’ लेकानं माझ्याकडे बघितलं. हात धुतले आणि किल्ली मागितली.

बॉनेट उघडून तो बराच वेळ नुसता बघत राहिला. दातांचा डॉक्टर तो, त्याला इंजिनातलं काय कळणार? पण उभा मात्र पेशंटसमोर उभा राहतो तसा राहिला, बाह्या वर करून. मी त्याला सुस्काऱ्याचं सांगितलं. तो वाकला, कान तिरका केला आणि म्हणाला, ‘आहे, आई. आवाज आहे.’ माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्याशा गोष्टीला पाणी कसलं, असं माझं मलाच वाटलं.

तो म्हणाला, कुठंतरी चीर असेल, नको तिथून हवा आत जात असेल. कुठं ते शोधायचं कसं? पाणी आहे का फवारायला? मी इस्त्रीची बाटली आणून दिली, कपड्यांवर मारते ती. मी आत स्टिअरिंगशी बसून आवाज ऐकायचा आणि त्यानं एकेका नळीवर, एकेका जोडावर पाणी मारत जायचं, असं ठरलं. तो विचारायचा, ‘आता?’ मी म्हणायचे, ‘नाही.’ पुन्हा, ‘आता?’ ‘नाही.’ उघड्या बॉनेटमुळे मला त्याचं तोंड दिसत नव्हतं आणि त्याला माझं. त्यामुळेच बहुतेक त्याला विचारता आलं. म्हणाला, ‘मावशीकडे नाही जायचं तुला.’ मी म्हटलं, ‘नाही.’ बाटलीचा आवाज थांबला. मी म्हटलं, ‘तिच्याकडे.’ तुझं नाव घ्यावं लागलं नाही. तो म्हणाला, ‘पुढच्या महिन्यात. मला माहीत आहे. तिनं मला आधीच कळवलंय.’ मग बराच वेळ तो एकाच जागी पाणी मारत राहिला. तिथं काहीच नव्हतं, हे मलाही आतून कळत होतं. शेवटी म्हणाला, ‘वाटेत मोठा चढ आहे, आई. तिथं गर्दीत उभं राहावं लागतं. हे नीट व्हायला हवं.’ आणि पुन्हा, ‘आता?’

इंजिनाच्या पार मागे, खालच्या अंगाला पाणी पडलं आणि आवाज एकदम सरळ झाला. क्षणभरच. आरसा स्थिर झाला, त्यात मागचं फाटक स्वच्छ दिसलं. मी ओरडले, ‘तिथंच!’ इतक्या जोरात, की हे आतून बाहेर आले. त्यानं पुन्हा पाणी मारलं, पुन्हा सरळ. पण वरून बघावं तर ती रबराची नळी अगदी धडधाकट दिसत होती, कुठं ओरखडासुद्धा नाही. तो त्याच्या गाडीतून बॅग घेऊन आला आणि त्यातून तो छोटा गोल आरसा काढला, दांडीचा, दाढा बघायचा. इंजिन बंद करून, हात आत घालून, मान वाकडी करून बघत बसला. ‘आ करा’ तेवढं म्हणायचा बाकी होता. नळी जिथं वळते तिथं खालून, पोटाशी, नखाएवढी चीर. तापली की उकलणारी. वरून बघणाऱ्याला जन्मात दिसली नसती. त्यानं आरसा माझ्या हातात दिला. ‘बघ,’ म्हणाला. मीही बघितली.

तसेच वाकलेले होतो दोघं, तेव्हा तो म्हणाला, ‘आई, आमचं काय बिनसलं ते मला अजून कळलेलं नाही. तुला कळलं का कधी?’ मी म्हटलं, ‘नाही रे.’ तो म्हणाला, ‘तिलाही कळलं नसावं.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. चष्मा हरवल्यावर माणूस घरभर विचारत फिरतो ना, तसं विचारलं त्यानं. मी पदरानं त्याच्या कपाळावरचं काळं पुसलं, तर ते आणखीनच पसरलं. यांनी पायरीवरून विचारलं, ‘सापडलं का?’ आणि आम्ही दोघंही एकदम ‘हो’ म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी नळी बदलली. आरशाची हकीकत ऐकून ते पोट धरून हसले, म्हणाले, डॉक्टरांना म्हणावं, आठवड्यातून एक दिवस माझ्याकडे बसा. गंमत म्हणजे नळी बदलल्यावर गाडी उभ्या उभ्या उगाचच जोरात चालायला लागली. मी पुन्हा धास्तावले. मिस्त्री म्हणाले, इतके दिवस जादा हवा आत जात होती, इंजिनाला तशीच सवय लागली. चालवत राहा, बसेल हळूहळू. चालवत राहिले. बसली. काल दवाखान्याच्या चौकात मुद्दाम गेले आणि लाल दिवा लागायची वाट बघितली. उभी राहिली गाडी, गुणी बाळासारखी. मागचा भोंगा वाजला तेव्हा कळलं, दिवा केव्हाच हिरवा झाला होता.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. गाडीच्या या भानगडी चालू असतानाच एक दिवस तुझा फोन आला. तू ‘आई’ म्हणता म्हणता थांबलीस आणि ‘अहो’ म्हणालीस. लग्न करतेय म्हणालीस, साधंच, नोंदणी करून, दोघांकडची चार माणसं. माणूस कसा आहे ते सांगितलंस, चांगला वाटला. आणि मग म्हणालीस, माझी आई मला आठवतसुद्धा नाही, त्या दिवशी तिच्या जागी तुम्ही उभ्या राहाल का? मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. शेगडीवर दूध नव्हतं, पोरी. काहीच नव्हतं. मी तशीच ओट्याला धरून उभी राहिले. लेकाची आई मी. त्याची बायको होतीस तू. तुला दुसऱ्याच्या हाती देताना मी कोण म्हणून उभी राहू? लोकांना काय सांगू? आणि मला आनंद झाला होता, त्याचं काय करू? ते कुणाला सांगू? तेव्हापासून रोज फोन करीन म्हणत होते, पण फोनवर माझं दूध पुन्हा उतू गेलं असतं, म्हणून हे पत्र. मला अजूनही काही उलगडलेलं नाही. पण मी येणार आहे, स्वतः गाडी चालवत, आदल्या दिवशी दुपारीच पोचते. तुझा ब्लाउज मीच शिवणार. माप जुनंच धरू की बदललंय ते कळव. यांना काल सगळं खरं सांगितलं. उठून पायरीवर जाऊन बसले. मग म्हणाले, ‘मीही येतो. मागे बसेन. कुणी विचारलंच, तर सांगेन, गाडीबरोबर आलोय.’

तुझीच,
आई